मंडळ बंद करायला निघालेला अध्यक्ष

आमच्या मिझुकीदाई वसाहतीत रहिवासी मंडळाचा अध्यक्ष निवडायची रीत फार सोपी होती. जो सभेला आला नाही, त्याच्या गळ्यात माळ. त्यामुळे एप्रिलच्या वार्षिक सभेला लोक तापाने फणफणलेले असले तरी तोंडाला मास्क लावून येऊन बसत.

कुनिहिको शिओमी यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते आणि बायकोने, तोशिएने, गरम पाण्याच्या झऱ्यावर दोन दिवसांची खोली घेऊन ठेवली होती. जाताना त्यांनी रीतसर अधिकारपत्र भरून दिलं. 'सभेत जे ठरेल ते मला मान्य आहे.' खाली सही, सहीवर स्वतःच्या नावाचा शिक्का; आमच्याकडे तो घराघरात असतो. सभेत अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा बाजूने बासष्ट मतं पडली, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं होतं.

मी त्या सभेला हजर होते. म्हणजे जवळजवळ हजर होते. शिंक आली म्हणून मिनिटभर बाहेर गेले आणि परत आले तर मी चिटणीस झालेली. सात नंबरच्या इमारतीखाली माझं केस कापायचं दुकान आहे. सगळ्या वसाहतीची डोकी माझ्या हाताखालून जातात, तेव्हा हे काम मलाच योग्य, असं सर्वांचं मत पडलं म्हणे.

शिओमीसान ('सान' म्हणजे आदराचं 'राव') झऱ्यावरून परतले तेव्हा आम्ही त्यांना ही बातमी सांगायला पाचव्या मजल्यापर्यंत चढून गेलो. आमच्या आठही इमारती पाच-पाच मजल्यांच्या आणि लिफ्ट एकीलाही नाही. गंमत म्हणजे शिओमीसान यांनी अडतीस वर्षं कोबेमधल्या उंच उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. कोणी थट्टा केली की म्हणत, "लिफ्टमध्ये काय काय बिघडू शकतं ते मला माहीत आहे. जिना बिघडत नाही."

बातमी ऐकून त्यांनी खाली मान घातली आणि म्हणाले, "एक वर्षाचाच प्रश्न आहे ना?"

"एकच वर्ष," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

नियमावलीत पुढचं वाक्य होतं, 'नवा अध्यक्ष मिळेपर्यंत जुन्याने काम पाहावे.' ते आम्ही त्या दिवशी वाचून दाखवलं नाही.

नवा अध्यक्ष मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी नाही, चौथ्या नाही, आठव्याही नाही. त्याला कारण शिओमीसान स्वतःच. काम इतकं नीट करायचे की दुसऱ्याला ते करायची हिंमतच होईना. कावळ्यांनी कचरा विस्कटू नये म्हणून ढिगावर टाकायची जाळी ते दर महिन्याला धुवायचे. घरोघर फिरणारी सूचनांची फळी कोणाच्या दारात किती दिवस अडकली, हे त्यांना तोंडपाठ होतं. आमच्या लोकांना शेजाऱ्याशी भांडायचं असलं तरी शेजाऱ्याशी बोलायला आवडत नाही, म्हणून सगळी भांडणं त्यांच्यामार्फत चालायची. वरच्या बाईच्या कुंडीचं पाणी खालच्यांच्या गादीवर पडलं, की खालचे शिओमीसानना सांगत, शिओमीसान वर जाऊन 'हल्ली पाऊस फार' एवढंच म्हणत, आणि वरची बाई कुंडी आत घेई.

तोशिए मूळची अओमोरीची, सफरचंदांच्या मुलखातली. लग्न होऊन आली ती मे महिन्यातला फुलोरा पुन्हा काही बघायला गेली नाही. आधी लिफ्ट होत्या, मग मंडळ. मे महिना म्हणजे नव्या वर्षाच्या याद्या, गवतकापणी, आपत्तीचा सराव.

"या वर्षी नाही जमायचं," ते म्हणत.

"मला माहीतच होतं. मी तिकिटांची चौकशीसुद्धा केली नाही," ती माझ्या खुर्चीत बसून हसत हसत सांगायची. "किसेसान, माझ्या नवऱ्याने माझ्यापेक्षा त्या कावळ्यांच्या जाळीशी लग्न करायला हवं होतं. तिला तरी महिन्यातून एकदा आंघोळ घालतो."

नवव्या वर्षी, पानगळीत, तोशिए गेली. फार दिवस आजारीही नव्हती.

मंडळाचा नियम असा, की सदस्याच्या घरी कोणी वारलं तर अध्यक्षाच्या नावाने फुलं आणि शोकसंदेश जायचा. चिटणीस म्हणून तो मला लिहावा लागला. मी त्यांना म्हटलं, "या वेळी उपाध्यक्षांची सही घेऊ या." त्यांनी नियमावली उघडली, पान काढलं, आणि म्हणाले, "इथे अध्यक्ष असं लिहिलंय." तेव्हा तोशिएच्या फोटोशेजारी पांढऱ्या शेवंतीत उभा असलेला कागद असा होता: 'शिओमी कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. अध्यक्ष, शिओमी.'

आलेल्यांपैकी कोणी हसलं नाही. त्यांनी मात्र तो कागद दोनदा वाचला, जणू कोणी दुसऱ्यानेच पाठवलाय.

मुलगा ताकुरो नागोयाला असतो. तो म्हणाला, "बाबा, आमच्याकडे या. एक खोली रिकामीच आहे."

"मंडळ आहे."

"मंडळ म्हणजे काय साम्राज्य आहे का, की राजा निघून गेला की बुडेल?"

"राजाला निघून जाता येतं," शिओमीसान म्हणाले. "अध्यक्षाला येत नाही."

तरी मुलाचं बोलणं त्यांच्या मनात राहिलं असावं. पुढच्या वर्षी एका सकाळी ते माझ्याकडे केस कापायला आले. अर्धं डोकं झालं होतं, अर्धं राहिलं होतं, आणि आरशातून माझ्याकडे बघत ते एकदम म्हणाले, "किसेसान, मला कोणी सोडवणार नाही. तेव्हा मंडळच बंद करू या."

माझी कात्री थांबली. "बंद करता येतं?"

"कलम एकतीस. तीन चतुर्थांश घरांची लेखी संमती. अधिकारपत्र चालणार नाही. प्रत्येकाची स्वतःची सही, स्वतःचा शिक्का."

हे कलम घालणाऱ्याने विचार केला असणार, की एवढ्या घरांची दारं ठोठावायला कोण जाणार? त्याने शिओमीसानना पाहिलं नव्हतं.

यादीत दोनशे बारा घरं होती. आठ इमारती, पाच मजले, गुडघे बहात्तर वर्षांचे. त्यांनी कामाला सुरुवात केली ती लिफ्टच्या तपासणीसारखी: रोज एक जिना, खालून वर, हातात पाटी, पाटीला दोरीने बांधलेलं पेन.

पहिल्याच महिन्यात कळलं, की यादी म्हणजे निम्मी स्मशानाची वही आहे. कोणी वारलेलं, कोणी वृद्धाश्रमात, कोणी कधीच निघून गेलेलं. पंचवीस नावं गळली. शिओमीसान खुश झाले, कारण सह्या तेवढ्याच कमी लागणार.

पण दारं ठोठावायची म्हणजे सगळीच ठोठावली जातात. तीन नंबरच्या इमारतीत त्यांनी चुकून यादीत नसलेलं दार वाजवलं. आतून हुएन नावाची व्हिएतनामी बाई बाहेर आली. ती आणि तिचा नवरा दुक चार वर्षं तिथे राहत होती. दोघंही डबे भरायच्या कारखान्यात कामाला. शिओमीसान यांनी वाकून माफी मागितली, दार चुकलं म्हणाले, आणि सवयीने मंडळाबद्दल दोन वाक्यं सांगितली.

"म्हणजे ते गवत कापतात, ते मंडळ?" हुएनने विचारलं. "आम्ही खिडकीतून बघतो. आम्हाला वाटलं, त्यात फक्त जन्मापासून इथे असलेले लोक घेतात. आम्हाला येता येईल?"

"येता येईल, पण मी ते बंद करायला आलोय."

"बंद कधी होणार?"

"सह्या झाल्या की."

"मग तोपर्यंत आम्ही येतो," ती म्हणाली आणि आत जाऊन शिक्का घेऊन आली.

नियमावलीप्रमाणे मागेल त्याला सदस्यत्व द्यावंच लागे. त्यांनी अर्ज लिहून घेतला. खाली उतरून माझ्याकडे आले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "एक सही कमी व्हायची, तर एक घर वाढलं."

ती सुरुवात होती. हुएनने कारखान्यातल्या मैत्रिणींना सांगितलं. दुसऱ्या इमारतीत एकटी आई होती, तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं. एक कुटुंब कित्येक वर्षांपूर्वी भांडून बाहेर पडलेलं. ते म्हणाले, शिओमीसान स्वतः आले म्हणून परत येतो. वर्षअखेर यादी मोजली तेव्हा घरं झाली दोनशे तेरा, म्हणजे सुरुवातीपेक्षा एक जास्तच. मंडळ बंद करायला निघालेल्या माणसाने ते वाढवून ठेवलं होतं.

चौथ्या मजल्यावरच्या नुकादाबाईंची गोष्ट आणखी वेगळी. वय चौऱ्याऐंशी, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून. पहिल्या भेटीत त्यांनी शिओमीसानना आत बसवलं, सातूचा थंडगार चहा दिला, मुळ्याचं लोणचं दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "शिक्का कुठे ठेवलाय ते आठवत नाही. गुरुवारी या."

गुरुवारी शिक्का सापडला होता, पण चष्मा नव्हता. त्यापुढच्या गुरुवारी चष्मा होता, पण पंचांगात दिवस वाईट होता. मग बोट दुखत होतं. मग शाई वाळली होती. सातव्या गुरुवारी शिओमीसान जिन्यात थांबले, थोडा वेळ विचार केला, आणि पाटी खाली माझ्या दुकानात ठेवून रिकाम्या हाताने वर गेले. नुकादाबाईंनी पाटीबद्दल विचारलं नाही, त्यांनीही तो विषय काढला नाही. लोणचं त्या दिवशी दोन प्रकारचं होतं.

ओचिआईसान मात्र दारच उघडत नसत. एक नंबरच्या तळमजल्यावर एकटे राहणारे, आयुष्यभर बस चालवलेले, आणि सगळ्या प्रवाशांचा राग साठवून घरी आणलेले. शिओमीसान दर सोमवारी जात. आतून आवाज येई, "मी सदस्य नाही!"

"आपलं नाव यादीत आहे."

"मग खोडा!"

"खोडायला अर्ज लागतो. त्यावर सही."

"चालते व्हा! पुढचा थांबा येईपर्यंत दार उघडणार नाही!"

शिओमीसान दाराकडे बघून वाकत आणि परत येत. पाच-सहा महिने हेच. जूनमधल्या एका सोमवारी त्यांनी घंटा वाजवली आणि आतून काहीच आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. मग माझ्याकडे धावत आले. एरवी ते कधी धावत नसत.

"किसेसान, ओचिआईसान यांनी शिवी दिली नाही."

"बाहेर गेले असतील."

"चपला दारात आहेत. आजवर त्यांनी एकदाही मला अपमानाशिवाय परत पाठवलं नाही. फोन करा."

अग्निशमन दलाचे लोक दार तोडून आत गेले तेव्हा ओचिआईसान न्हाणीघराच्या फरशीवर होते. मांडीचं हाड मोडलेलं, शनिवारपासून तिथेच. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर कठीण होतं.

पंधरा दिवसांनी शिओमीसान आणि मी त्यांना इस्पितळात भेटायला गेलो. मी फळं नेली होती. ओचिआईसान आमच्याकडे बघून गुरगुरले, "मूर्ख माणूस. मेलो असतो तर यादीतलं एक नाव आपोआप कमी झालं असतं. तुमचं काम सोपं झालं असतं."

"ते माझ्या लक्षात आलं नाही," शिओमीसान गंभीरपणे म्हणाले.

ओचिआईसान यांनी छताकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "पाटी आणलीय का?"

"इस्पितळात कशी आणणार?"

"आणा पुढच्या वेळी. सही करतो. तुमच्यासाठी. मंडळाचं मला काही देणंघेणं नाही."

ही बातमी वसाहतीबाहेर गेली. जुलैमध्ये विभागाच्या कचेरीतून निवामोतो नावाची तरुण कारकून मुलगी पत्र घेऊन आली. एकट्या राहणाऱ्यांकडे घरोघर जाऊन विचारपूस करणारं, नव्या रहिवाशांना सामावून घेणारं आदर्श मंडळ म्हणून आमचा सत्कार ठरला होता.

शिओमीसान यांनी तिला खुर्ची दिली आणि खरं ते सगळं सांगितलं. विचारपूस नव्हे, सह्या. सामावून घेणं नव्हे, नियम. आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी मंडळ बंद होणार.

मुलीचा चेहरा पडला. "सत्कार सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आहे."

"म्हणून तर सांगतोय. दुसऱ्या कोणाला द्या."

"शिओमीसान," ती रडवेली होऊन म्हणाली, "पत्रिका छापून झाल्यात."

आता छापून झालेल्या गोष्टीपुढे आमच्याकडे कोणाचं काही चालत नाही. दुसऱ्या रविवारी शिओमीसान काळा सूट घालून गेले, चौकटीतलं मानपत्र घेऊन आले, आणि तिसऱ्या रविवारच्या सभेची सूचना त्याच दिवशी संध्याकाळी फळीवर लावली.

एव्हाना सह्या झाल्या होत्या एकशे त्रेसष्ट. हव्या होत्या एकशे साठ. इथे मला एक कबुली द्यायची आहे. लोक माझ्याकडे केस कापायला येत तेव्हा मी विचारत असे, "तुम्हाला खरंच मंडळ नको आहे?"

"छे! असं कोण म्हणतं?" प्रत्येक जण म्हणे. "उलट हल्ली बरं वाटतं. पण शिओमीसान इतके जिने चढून आले, एवढं वाकून मागितलं. नाही कसं म्हणायचं?"

हे मी कितीतरी डोक्यांकडून ऐकलं. शेवटी धीर करून शिओमीसान यांना विचारलं, "तुम्हाला तरी अजून बंद करायचंय का?"

त्यांनी संमतीपत्रांचा गठ्ठा नीट लावला. मग म्हणाले, "आता एवढ्या लोकांनी सह्या करायचे कष्ट घेतलेत. माघार घेणं बरं दिसत नाही."

लोक शिओमीसान यांच्यासाठी बंद करत होते आणि शिओमीसान लोकांसाठी. मधे मी उभी, कात्री हातात घेऊन. मी दोन्हीकडे खरं सांगितलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण तसं करणं म्हणजे दोन्ही बाजूंना तोंडघशी पाडणं. आणि खरं सांगायचं तर माझी सही अकराव्या नंबरवर होती.

सभागृहात चाळीस खुर्च्या होत्या. आले दोनशेच्या वर. सभा शेवटी खेळाच्या मैदानात भरवावी लागली. भूकंपाच्या वर्षी पाण्यासाठी रांगा लागल्या होत्या, त्यानंतर इतके लोक एकत्र मी पाहिले नव्हते. हुएनने तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळलेल्या भाज्यांच्या गुंडाळ्या आणल्या होत्या. ओचिआईसान चाकाच्या खुर्चीतून आले आणि आल्या आल्या मधला रस्ता अडवल्याबद्दल तिघांना रागावले.

शिओमीसान यांनी संमतीपत्रं वाचून दाखवली. एकशे त्रेसष्ट नावं. मग विचारलं, "कोणाची हरकत?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. तेव्हा नुकादाबाईंनी काठी वर केली.

"माझी आहे."

"बोला, नुकादासान."

"मला तुमच्या मंडळाचं सोयरसुतक नाही. पण हे बंद झालं तर हा माणूस गुरुवारी माझ्याकडे काय कारण काढून येणार?"

लोक हसले. खूप हसले. हसता हसता काही जणी रुमाल शोधायला लागल्या. शिओमीसान हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी समोरच्या कागदावर लिहिलं, 'हरकत: एक', आणि जाहीर केलं, "मंडळ विसर्जित झालं. अकरा वर्षांत माझ्याकडून ज्या त्रुटी राहिल्या, त्याबद्दल क्षमा करा." आणि ते वाकले. आम्ही दोनशे माणसं त्यांच्यासमोर वाकलो. टाळी कोणी वाजवली नाही.

पुढच्या मे महिन्यात ते तोशिएचा फोटो घेऊन अओमोरीला जाऊन आले. पाच दिवस उशीर झाला होता, फुलं गळून गेली होती. झाडांना हिरवे मण्यांसारखे दाणे धरले होते, असं त्यांनी सांगितलं. "तिला ते जास्त आवडलं असतं," म्हणाले. मला तसं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि ते नुकादाबाईंकडे गेले. कारण काय काढलं, कोणाला माहीत नाही.

नागोयाला मात्र लगेच जाता आलं नाही, कारण विसर्जित मंडळाची शिल्लक कामं निपटायला एक समिती लागते आणि तिच्यावर शेवटचा अध्यक्ष आणि शेवटची चिटणीस असावी, असं कलम बत्तीसमध्ये आहे. तंबू शाळेला दिले. रस्त्यावरचे दिवे पालिकेकडे सोपवले. कावळ्यांची जाळी आता ज्याचा वार असेल तो धुतो. वार कोणी लावले, ते विचारू नये. राहिला फक्त उन्हाळी नाचाचा मोठा ढोल. तो कोणी घेईना. देवळांकडे स्वतःचे होते, आणि आमचा दारातून आत जाईना.

शिओमीसान यांचं म्हणणं पडलं, की दुसऱ्याला द्यायची वस्तू तपासल्याशिवाय देऊ नये. म्हणून ऑगस्टमध्ये एका शनिवारी संध्याकाळी मैदानात ढोलाची तपासणी ठेवली. दुकने बाह्या सरसावून तपासणी केली. तास-दीड तास केली. त्या वेळी योगायोगाने बायका सुती किमोनो घालून आल्या होत्या, योगायोगाने कंदील टांगलेले होते, आणि ढोल वाजतोय म्हटल्यावर लोक गोल करून नाचले, यात समितीचा काही दोष नाही. ताकुरो त्याच दिवशी वडिलांना न्यायला आला होता. तो मला म्हणाला, "किसेसान, हे तर बंद झालं होतं ना?"

"झालंच आहे," मी म्हटलं. "कागद दाखवू?"

मी अहवाल लिहिला: 'आवाज समाधानकारक. पुढील वर्षी पुन्हा तपासावा.' त्याप्रमाणे पुढच्या वर्षीही तपासला. ताकुरो आता दर ऑगस्टला मुलांना घेऊन येतो आणि वडिलांना न नेता परत जातो.

या वसंतात डोंगरापलीकडच्या एका बालवाडीचं पत्र आलं. त्यांना मोठा ढोल हवा होता, दार रुंद होतं, गाडीही तेच पाठवणार होते. पत्र चिटणीस म्हणून माझ्या नावावर होतं. शिओमीसान खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती पांढरा कपडा. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"ढोल दुरुस्तीला आहे, असं कळवा," ते म्हणाले.

"काय बिघडलंय?"

त्यांनी पत्राची नीट घडी घातली.

"शोधू," म्हणाले. "कानामागचे जरा अजून कमी करा."